घेंट नगरीचा घंटामनोरा

जुने गोवे पाहावयास गेलेल्या प्रत्येकाने ऑगस्टिनियन संन्याशांच्या भग्न मठाचा तो एकाकी मनोरा पाहिला असेल. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा, अर्धा कोसळलेला. त्यातील घंटा केव्हाच तेथून निघाली असून १८७१ सालापासून ती पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये लटकत आहे. आपल्या मनात घंटा आणि देवस्थान यांची गाठ इतकी पक्की बसलेली असते, की देवळाची नाही, चर्चची नाही, अशी घंटा असू शकेल हे चटकन ध्यानी येत नाही. कोंकणीत आपण 'घांट' म्हटले की डोळ्यांपुढे सभामंडप तरी उभा राहतो किंवा चर्चचा कळस तरी. यास अपवाद म्हणजे आमच्या शाळेची घंटा. पण तिच्याविषयी विद्यार्थ्यांचे मत फारसे भक्तिभावाचे नसते!

युरोपात मात्र एक प्रदेश असा आहे, की जेथे देवाच्या घंटेइतकाच, किंबहुना काही प्रसंगी तिच्याहूनही अधिक, मान नगराच्या घंटेला होता. तो प्रदेश म्हणजे फ्लँडर्स. आजच्या बेल्जियम देशाचा हा उत्तरेकडील भाग होय. तेथील घेंट नावाच्या नगरात तीन जुने मनोरे एका रांगेत उभे आहेत. एका टोकास संत निकोलसचे चर्च, दुसऱ्या टोकास संत बाव्होचे महामंदिर, आणि या दोहोंच्या मधोमध ९१ मीटर उंचीचा तिसरा मनोरा. हा तिसरा कोणत्याही धर्मपीठाच्या मालकीचा नाही. कोणा राजाने तो बांधविला नाही. तो नगराचा आहे. फ्लेमिश भाषेत अशा मनोऱ्यास 'बेल्फोर्ट' म्हणतात. या शब्दाचा एक गमतीचा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या जर्मानिक शब्दाचा घंटेशी काहीएक संबंध नव्हता. संरक्षणाची जागा, आश्रयाचा बुरूज, असा त्याचा अर्थ होता. पुढे अशा बुरुजांत घंटा टांगल्या गेल्या, आणि इंग्रजांनी त्या शब्दाचा उच्चार आपल्या 'बेल' शब्दास जुळवून घेतला. मूळ अर्थ मात्र विसरण्याजोगा नाही, कारण या मनोऱ्यात घंटेइतकीच मोलाची आणखी एक वस्तू सुरक्षित ठेवलेली असे.

ती वस्तू म्हणजे सनदा. मध्ययुगात फ्लँडर्सवर काउंट या पदवीच्या अधिपतींचे राज्य होते आणि त्यांच्यावर फ्रान्सच्या राजाचे स्वामित्व होते. नगरवासीयांनी वेळोवेळी पैसा देऊन, प्रसंगी हत्यार उपसून, या काउंटांपासून हक्क मिळविले होते. आपले न्यायाधीश आपण निवडावे, बाजार कोठे व केव्हा भरावा हे आपण ठरवावे, नगरवासीयाचा न्याय नगरातच व्हावा, अशा स्वरूपाचे ते हक्क. ते चर्मपत्रावर लिहून, मेणाची मुद्रा लावून दिलेले असत. चर्मपत्र जळाले तर हक्कही धोक्यात येई. शेजारच्या ब्रूज नगराला याचा कटू अनुभव आला होता. १२८० साली तेथील घंटामनोऱ्यास आग लागून सनदा भस्मसात झाल्या, तेव्हा काउंटाने जुने हक्क पूर्ववत मान्य करावयास नकार दिला आणि नगरात मोठे बंड उसळले. म्हणून घेंटच्या मनोऱ्यात अगदी तळाशी, जाडजूड भिंतींच्या आत, एक बंदिस्त दालन केलेले आहे. त्याचे नावच मुळी 'गुप्तदालन'. १४०२ सालापासून नगराच्या सनदा तेथे ठेवल्या जात.

तळाशी सनद आणि शिखरावर घंटा, असा हा मनोरा होता. सनद सांगे की आम्हांला हक्क आहेत. घंटा त्या हक्कांच्या रक्षणार्थ माणसे गोळा करी. हे एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढे सांगावयाच्या घटना आपोआप समजतील.

मनोऱ्याचे काम १३१३ च्या सुमारास सुरू झाले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, ११ जुलै १३०२ रोजी, कोर्टराइक गावाजवळ फ्लँडर्सच्या विणकरांनी व कसाई-सुतार-रंगाऱ्यांनी पायी लढून फ्रान्सच्या चिलखती घोडेस्वारांचा धुव्वा उडविला होता. मेलेल्या सरदारांच्या सोनेरी आऱ्या रणभूमीवरून गोळा करण्यात आल्या, म्हणून त्या लढाईस 'सोनेरी आऱ्यांची लढाई' असे नाव पडले. या विजयानंतर नगरांच्या कारभारात कारागिरांच्या श्रेणींना शिरकाव मिळाला. तोवर सर्व सत्ता मूठभर धनिक घराण्यांच्या हाती होती. नव्या मानाचे, नव्या उमेदीचे ते दिवस होते आणि त्या उमेदीनेच पाया खणला गेला.

पैसा कोठून आला? लोकरीतून. इंग्लंडहून कच्ची लोकर गलबतांनी येई. घेंटमध्ये ती विंचरली, कातली, विणली, तुडवून घट्ट केली व रंगविली जाई, आणि तयार कापड दूरदूरच्या बाजारपेठांत जाई. चौदाव्या शतकात घेंटची वस्ती साठ हजारांच्या घरात होती असे मानतात. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस त्याहून मोठे नगर एकच, ते म्हणजे पॅरिस. तथापि कापडाचा धंदा असा, की इंग्लंडहून लोकर येणे थांबले की हजारो माग बंद. मनोऱ्याचे कामही असेच अडखळत चालले. मध्ये दुष्काळ पडला, बंडे झाली, १३४९ च्या सुमारास महामारी येऊन गेली. अखेर १३८० मध्ये काम पुरे झाले. ज्यांनी पाया घातला त्यांच्या नातवंडांनी कळस पाहिला म्हणावयाचा.

कळसावर क्रूस बसविला नाही, तर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा ड्रॅगन बसविला. चर्चच्या शिखरावर वातकुक्कुट असतो, वारा कोणीकडून वाहतो ते दाखविणारा कोंबडा. येथे त्याच्या जागी हा पंखधारी सर्प. गुप्तदालनातील सनदांवर त्याचा पहारा आहे अशी लोकांची समजूत. सणासमारंभाच्या दिवशी त्याच्या मुखातून आतषबाजीही करीत. या ड्रॅगनविषयी एक दंतकथा घेंटमध्ये मोठ्या अभिमानाने सांगतात. धर्मयुद्धावर गेलेल्या योद्ध्यांनी तो कॉन्स्टँटिनोपलहून आणला, तो ब्रूजला पोहोचला, आणि १३८२ साली ३ मे रोजी घेंटच्या सैन्याने ब्रूजचा पराभव केला तेव्हा तो लूट म्हणून घेंटला आला, अशी ती कथा. कथा चांगली आहे. पण नगराच्या जमाखर्चाच्या वह्या निराळे सांगतात. १३७७-७८ च्या सुमारास हा ड्रॅगन घेंटमध्येच तयार झाला, म्हणजे ब्रूजवरील स्वारीच्या चारपाच वर्षे आधीच तो आपल्या जागी जाऊन बसला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी वहीवर विश्वास ठेवावा. मात्र दंतकथाही टाकून देऊ नये, कारण ब्रूजविषयी घेंटवासीयांच्या मनात काय होते हे त्या कथेइतके स्पष्टपणे वहीत कोठेही लिहिलेले नाही.

आता घंटेकडे वळू. मनोऱ्यातील मोठी घंटा १३१४-१५ च्या सुमारास प्रथम ओतली गेली. तिचे नाव रोलंड. शार्लमेन बादशहाच्या आख्यानातील जो वीर शत्रूने वेढला असता शिंग फुंकून साहाय्यास हाक देतो, त्याचे हे नाव. घंटेस नाव देण्याची तिकडे पद्धतच आहे. हत्तीला किंवा तोफेला आपण नाव देतो तसे. रोलंडला दोन प्रकारचे बोलणे येई. घंटा स्थिर ठेवून लोलकाने एकाच बाजूस भराभर टोले दिले तर समजावे, कोठेतरी आग लागली आहे. लाकडी घरांच्या, गवती छपरांच्या नगरात या इशाऱ्यावर शेकडोंचे प्राण अवलंबून असत. आणि दोरखंड ओढून सबंध घंटा झोके घेत वाजू लागली तर समजावे, शत्रू आला आहे किंवा नगरावर काही संकट आहे. ज्याचे त्याने हत्यार घेऊन आपल्या श्रेणीच्या निशाणाखाली चौकात हजर व्हावे. वाचता न येणाऱ्यासही ही भाषा समजे.

रोलंडखेरीज लहान घंटाही होत्या. नगराची द्वारे उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ, बाजाराची वेळ, सारे घंटेवर चाले. यांतील एक घंटा मात्र मोठी वादाची ठरली. ती म्हणजे कामाची घंटा. पूर्वी कारागीर सूर्याबरोबर कामास बसे व सूर्याबरोबर उठे. कापडाचा धंदा वाढला तसे मालकांना काटेकोर वेळ हवा झाला. १३२४ साली घेंटमधील लोकर तुडविणाऱ्या कामकऱ्यांसाठी घंटा बसविण्यास एका मठाधिपतीने परवानगी दिल्याची नोंद आहे. फ्लँडर्सच्या दक्षिणेस आमियाँ नगरात १३३५ साली फ्रान्सच्या राजाने अशीच अनुज्ञा दिली. कामकऱ्यांनी सकाळी केव्हा यावे, जेवावयास केव्हा जावे, परत केव्हा यावे आणि संध्याकाळी केव्हा सुटावे, हे सर्व घंटेने सांगावे. म्हणजे ज्या घंटेने नगर राजापुढे ताठ उभे राहिले, तिच्याच धाकट्या बहिणीने विणकराच्या दिवसाचे तुकडे पाडले! घंटेचा दोर कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून होते. नगराचे स्वातंत्र्य म्हणजे नगरातील प्रत्येकाचे स्वातंत्र्य, असे समजण्याची चूक आपण करू नये. २ मे १३४५ रोजी घेंटच्या 'शुक्रवार बाजार' नावाच्या चौकात विणकर आणि लोकर तुडविणारे यांच्यात मजुरीवरून इतकी भीषण झुंज झाली, की तो सोमवार लोकांनी 'दुष्ट सोमवार' म्हणून लक्षात ठेवला. नगराचा थोर पुढारी याकोब व्हान आर्टेव्हेल्डे याचा त्याच वर्षी जुलैमध्ये नगरवासीयांच्याच हातून वध झाला. मनोरा तेव्हा अर्धवट बांधलेला होता.

यापुढील शतकभराचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो लढायांच्या यादीखेरीज दुसरे काही नाही. फ्लँडर्स बर्गंडीच्या ड्यूकांकडे गेले. १४५३ साली गाव्हेरे येथे ड्यूक फिलिपने घेंटचा पराभव केला. पुढे विवाहसंबंधांतून हा सारा मुलूख हाब्सबुर्ग राजघराण्याच्या हाती आला. आणि त्या घराण्याचा वारस, पुढे स्पेनचा राजा व पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झालेला पाचवा चार्ल्स, २४ फेब्रुवारी १५०० रोजी घेंटमध्येच जन्मास आला.

त्याच्या बारशाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, सोहळा नगराने असा केला की तसा कोणी पाहिला नव्हता. घंटामनोरा आणि संत निकोलसच्या चर्चचा मनोरा यांच्यामध्ये, घरांच्या छपरांवरून उंच, दोरांचा झुलता पूल बांधला आणि त्यावर दिवे लावले. रात्रीच्या काळोखात दोन मनोऱ्यांमध्ये दिव्यांची माळ लोंबत असलेली ती नगरी कशी दिसली असेल याची कल्पना करावी. तो बालक आपला, आपल्या नगराचा, या भावनेने हे सारे केले होते.

चाळीस वर्षांनी तो परत आला.

कारण असे झाले. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी १५३७ साली सम्राटाच्या वतीने त्याची बहीण मेरी, जी त्या प्रांतांचा कारभार पाहत होती, तिने बारा लक्ष गुल्डनची मागणी केली. त्यांपैकी चार लक्षांचा वाटा एकट्या फ्लँडर्सचा. घेंटने उत्तर दिले की सैन्य हवे तर देऊ, पैसा देणार नाही, कारण आमच्या संमतीवाचून आमच्यावर कर बसविता येत नाही, अशा आमच्या सनदा आहेत. वाद चिघळत गेला. १५३९ मध्ये श्रेणींनी कारभार हाती घेतला, जुन्या अधिकाऱ्यांना पकडले आणि नगर उघड बंडास उभे राहिले. सम्राट त्या वेळी स्पेनमध्ये होता. तो फ्रान्समार्गे निघाला आणि १५४० च्या फेब्रुवारीत मोठ्या सैन्यासह घेंटमध्ये शिरला. नगराने प्रतिकार केला नाही.

निकाल देण्यात त्याने घाई केली नाही. बंडाच्या पुढाऱ्यांचा शिरच्छेद झाला. एप्रिलच्या अखेरीस सम्राटाचा हुकूम वाचून दाखविण्यात आला. नगराचे सर्व हक्क रद्द. सनदा स्वाधीन कराव्यात. तोफा व शस्त्रे स्वाधीन करावीत. न दिलेली रक्कम तर द्यावीच, वर दंडही भरावा. संत बाव्होच्या प्राचीन मठाच्या जागी किल्ला उभारून त्यात सम्राटाची शिबंदी राहील. आणि रोलंड घंटा मनोऱ्यातून काढून टाकावी.

एका ओतीव कांशाच्या वस्तूला शिक्षा सुनावण्याचा हा प्रकार वरवर पाहता हास्यास्पद वाटतो. पण चार्ल्स घेंटचाच पुत्र होता. तळची सनद आणि वरची घंटा यांचे नाते त्याला दुसऱ्या कोणाहूनही चांगले ठाऊक होते. सनद काढून घेतली तरी लोकांना ती पाठ असते; घंटा वाजली तर लोक पुन्हा चौकात जमतील. म्हणून दोन्ही गेल्या पाहिजेत.

३ मे १५४० रोजी नगराच्या प्रतिनिधींना सम्राटापुढे क्षमा मागण्यास जावे लागले. कारभारी व श्रेणींचे लोक काळ्या वेषात, अनवाणी. त्यांच्यामागे बंडात पुढे असलेल्यांपैकी कित्येक जण नुसत्या पांढऱ्या सदऱ्यांवर, गळ्यात फाशीचा दोर अडकवून. सर्वांनी गुडघे टेकले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, याच ३ मे या तारखेस, घेंटवासी ब्रूजमध्ये विजेते म्हणून शिरले होते. दिवसांचा हा योगायोग त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला असेल की काय, कोण जाणे.

रोलंड पुढे पुन्हा मनोऱ्यात टांगली गेली, परंतु तिचा काळ सरला होता. सतराव्या शतकात लोकांना घंटेचे निराळेच वेड लागले होते, आणि त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. मनोऱ्यांत यांत्रिक घड्याळे आल्यावर तासाचे टोल पडू लागले. पण टोल अचानक सुरू झाला की पहिले एकदोन ठोके कामाच्या गडबडीत निसटतात आणि मोजणी चुकते. (आमच्या वर्गात काही जणांना शेवटचा टोल बरोबर ऐकू येतो आणि पहिला कधीच येत नाही, तो प्रकार वेगळा.) म्हणून तासाच्या टोलापूर्वी काही लहान घंटा वाजवून लोकांना सावध करण्याची चाल पडली. लहान घंटांची संख्या वाढत गेली, त्यांवर सुरावट वाजू लागली आणि त्यातून 'कॅरिलॉन' नावाचे अवाढव्य वाद्य निर्माण झाले. वादक मनोऱ्यात वर बसून लाकडी दांड्यांच्या पट्टीवर मुठींनी आघात करतो. प्रत्येक दांडीपासून तारा निघून घंटेच्या लोलकापर्यंत गेलेल्या असतात. वादक नसताना हेच काम यंत्र करते. खुंट्या बसविलेले मोठे पिंप घड्याळाच्या यंत्राने फिरते, आणि खुंटी ज्या तरफेस लागेल ती घंटा वाजते.

अडचण एकच होती. घंटा ओतणारे ओतारी पुष्कळ, पण एकमेकींशी सुरात जुळणाऱ्या घंटा ओतणारा कोणी नव्हता. एका घंटेतून एकच स्वर निघत नाही; त्यातून अनेक स्वर एकदम निघतात, आणि ते आपसात जुळले नाहीत तर ऐकणाऱ्याचे कान किटतात. उट्रेख्ट नगरातील याकोब व्हान आयक या अंध संगीतज्ञाने कानाने या स्वरांचा शोध घेतला. फ्रान्स्वा व पीटर हेमोनी या बंधूंनी त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून, घंटा आतून कातून काढून, तिचे स्वर हवे तेथे आणण्याची कला साधली. १६४४ साली नेदरलंड्समधील झुट्फेन गावी त्यांनी खरोखर सुरात लागलेल्या घंटांचा पहिला संच सिद्ध केला.

घेंटनेही पीटर हेमोनीला बोलाविले. एवढ्या घंटा ओतावयाच्या तर कांसे हवे. १६५९ मध्ये रोलंड वितळविण्यात आली. सम्राटाचा हुकूम तिचा पुरता नाश करू शकला नाही. तो नगरवासीयांनी स्वतःच्या हौसेसाठी, स्वतःच्या हाताने केला. त्यांना दोष द्यावा काय? शंभर-सव्वाशे वर्षांत नगराला हत्यार घेऊन चौकात जमण्याची सवय उरली नव्हती. गाणे ऐकण्याची होती. माझ्यासारख्या इतिहास शिकविणाऱ्यास मात्र ती घंटा राहावयास हवी होती असे वाटते. नव्या संचातील सर्वांत मोठी, सहा हजार किलोग्रॅमहून अधिक वजनाची घंटा १६६० साली ओतली गेली. तिचे नाव 'महाविजया' या अर्थाचे ठेवण्यात आले. लोक तिला कौतुकाने रोलंडच म्हणत राहिले. अडीचशे वर्षे ती वाजली. पुढे तिला विजेच्या यंत्राने बडविणे सुरू झाले, आणि १९१४ साली तिला तडा गेला.

मनोऱ्याच्या माथ्याने यापेक्षाही अधिक रूपे पालटली. लाकडी शिखर कुजले, नवे आले; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, ओतीव लोखंडाचे जिकडेतिकडे कौतुक असताना, तेथे चक्क लोखंडी शिखर चढविले. जुन्या दगडी धडावर ते लोखंडी डोके पुढील पिढीला रुचले नाही. घेंटमध्ये १९१३ साली भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ते उतरविण्यात आले आणि चौदाव्या शतकातील जुन्या आराखड्यास अनुसरून आजचे दगडी शिखर बांधले गेले. ड्रॅगनही नवा आहे. मूळचा वृद्ध ड्रॅगन आता मनोऱ्याच्या आत विश्रांती घेत आहे. चार कोपऱ्यांवर एके काळी उभ्या असलेल्या चार दगडी शस्त्रधाऱ्यांपैकी एकच मूळचा शिल्लक असून तो गुप्तदालनात ठेवलेला आहे. मनोऱ्याला लागूनच कापडबाजाराची इमारत आहे. तिचे काम १४२५ मध्ये सुरू होऊन वीस वर्षांनी अर्धवट थांबले, ते पुरे व्हावयास १९०३ साल उजाडावे लागले.

युनेस्कोने १९९९ साली फ्लँडर्स व वालोनिया येथील घंटामनोऱ्यांचा जागतिक वारशात समावेश केला. २००५ मध्ये फ्रान्सच्या उत्तर भागातील मनोरेही त्यांत मिळून ही संख्या ५६ झाली. २०१४ साली बेल्जियममधील कॅरिलॉन वादनाची परंपरा जतन करण्याच्या कार्याचाही या संस्थेने गौरव केला.

तडा गेलेली ती महाविजया आता मनोऱ्यात नाही. संत निकोलसचे चर्च आणि घंटामनोरा यांच्यामधील मोकळ्या जागेत ती ठेवलेली आहे आणि येणाजाणारास तिची चीर जवळून पाहता येते. आणि दरवर्षी जुलै महिन्यात घेंटचा मोठा नगरोत्सव भरतो, तेव्हा तेथील काही नागरिक पांढरे सदरे घालून, अनवाणी, गळ्यात दोराचा फास अडकवून रस्त्यांतून मिरवत जातात. घेंटचे लोक स्वतःला 'फास बाळगणारे' म्हणवितात, आणि हे नाव त्यांना अपमानाचे वाटत नाही.